तारखेआधी पेव होते : पाकिटावरील मुदतीचा इतिहास

बंगळुरूहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघाले, की साधारण पंचवीस किलोमीटरवर होसकोटे लागते. कन्नडमधील ‘होस कोटे’ म्हणजे नवा कोट. सतराव्या शतकात शहाजीराजांना कर्नाटकात जी जहागीर मिळाली, तीत बंगळुरू, कोलार, शिरे यांच्याबरोबर हे ठाणेही होते. आज या गावाची ओळख कोटापेक्षा गोदामांनी होते. पत्र्याच्या छपरांखाली एकरच्या एकर पसरलेल्या या कोठारांतून बंगळुरूच्या घराघरांत बिस्किटे, तेल, पिठे आणि मसाले पोहोचतात. ग्राहकाने तो पुडा हाताळलेला नसतो, हुंगलेला नसतो आणि दुकानदाराला ‘ताजा आहे ना?’ असे विचारलेलेही नसते. त्याच्याजवळ भरवसा ठेवण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पाकिटावर छापलेली तारीख.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना दिलेली सूचना महत्त्वाची ठरते. माल ग्राहकाच्या हाती पडेल तेव्हा त्याच्या टिकाऊपणाचा किमान ३० टक्के काळ, किंवा मुदत संपण्यास किमान ४५ दिवस शिल्लक असावेत, असे ती सांगते. सूचना योग्यच आहे. पण ज्या तारखेपासून हे दिवस उलटे मोजायचे, ती तारीख येते कोठून, आणि तिच्यावर कितपत विसंबावे?

अन्न किती काळ चांगले राहील, हा प्रश्न छापखान्याहून कितीतरी जुना आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामसी माणसाला प्रिय असलेल्या अन्नाचे पहिलेच विशेषण ‘यातयाम’ हे आहे. त्याचा शब्दशः अर्थ एक प्रहर उलटून गेलेले, असा होतो. टीकाकारांनी त्याचे निरनिराळे अर्थ लावले आहेत, ही गोष्ट वेगळी. प्रहर म्हणजे सुमारे तीन तास, आणि शिजवलेले अन्न उष्ण हवेत दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे आजचे सूक्ष्मजीवशास्त्र सांगते. या सारखेपणातून ‘पूर्वजांना सारे ठाऊक होते’ असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. उष्ण देशात शिळ्या भाताने पोट बिघडते, हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, इतकेच त्यावरून दिसते.

धान्याची गोष्ट निराळी. ते वर्षानुवर्षे टिकवायचे असे, आणि त्यासाठी पेवे होती. पन्हाळ्याच्या अंबरखान्यातील गंगा, यमुना आणि सरस्वती ही कोठारे सर्वांना ठाऊक असतात. जमिनीखालचे पेव मात्र आता ‘पेव फुटणे’ या वाक्प्रचारापुरतेच उरले आहे. पेवात भरलेले धान्य श्वसन करते. त्या श्वसनाने आणि किड्यांच्या श्वसनानेही आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि कीड गुदमरून मरते. पेव उघडल्यावर माणसाने लगेच आत उतरू नये हा दंडक याच कारणाने पडला; तो न पाळणाऱ्यांचे जीव गेले आहेत. होसकोटे-कोलारच्या पट्ट्यातील मुख्य धान्य नाचणी. तिचा दाणा बारीक आणि टणक असल्याने कीड तिला सहसा लागत नाही, म्हणून दुष्काळाची शिदोरी म्हणून ती अशा खड्ड्यांत राखली जाई. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच होती. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच निकामी झाली. पेवावर तारीख नसे. माल ठीक आहे की नाही हे उघडणारा माणूस वासावरून, रंगावरून आणि दाणा दातांखाली धरून ठरवी. परीक्षा आणि जबाबदारी एकाच हातात होती.

ती दोन हातांत विभागली गेली डब्याच्या शोधाने. निकोला अपेर या फ्रेंच पाकतज्ज्ञाने बाटलीत बंद करून उकळलेले अन्न टिकते हे दाखवले, १८१० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले आणि सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले. ते का टिकते हे त्याला ठाऊक नव्हते. पाश्चरचा जन्मच १८२२ चा. लवकरच बाटलीची जागा पत्र्याच्या डब्याने घेतली. पॅरीच्या १८२४ च्या उत्तर ध्रुवीय मोहिमेतील मांसाचा एक डबा १९३० च्या दशकाच्या अखेरीस, म्हणजे शंभराहून अधिक वर्षांनी उघडण्यात आला. ते मांस प्राण्यांना खाऊ घातले असता त्यांना काही अपाय झाला नाही. मात्र बंद डब्यात नाक खुपसता येत नाही. आत काय आहे हे कारखानदाराला ठाऊक. घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखानदार डब्यांवर तारखा टाकत, पण सांकेतिक अक्षरांत. त्या दुकानदाराने माल फिरवावा म्हणून असत; ग्राहकाला त्या कळू नयेत हाच हेतू होता. १९७० च्या दशकात अमेरिकेतील ग्राहकांनी उघड तारखांचा आग्रह धरला, आणि न्यूयॉर्क राज्याच्या ग्राहक संरक्षण मंडळाने तर हे संकेत उलगडून सांगणारी पुस्तिकाच काढली. ब्रिटनमध्ये एका मोठ्या दुकानसाखळीने आपल्या कोठीतली तारीख त्याच सुमारास फडताळावर आणली. मुदतीची तारीख अशी जन्मली ती ताजेपणाच्या मागणीतून. १९७९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या तंत्रज्ञान मूल्यमापन कार्यालयाने या विषयावर अहवाल दिला, तेव्हा उघड तारखांमुळे अन्नाची सूक्ष्मजैविक सुरक्षितता वाढते याला फारसा आधार त्याला सापडला नाही. आजही तेथील संघराज्याचा कायदा ही तारीख सक्तीची करतो ती फक्त तान्ह्या बाळांच्या दूधभुकटीसाठी.

आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा प्रामुख्याने भेसळीचा विचार करणारा होता. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी स्थापन केली, तेव्हापासून ग्राहकाचा आवाज संघटित होऊ लागला. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी वजन आणि किमतीबरोबर उत्पादनाचा महिना व वर्ष छापणे भाग पाडले. नव्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांत ‘बेस्ट बिफोर’ हा मुख्य उल्लेख होता. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी हा क्रम उलटवला : ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ सक्तीचे, ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक. त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून सुट्या मिठाईच्या थाळीपुढेही मुदत लिहिणे बंधनकारक झाले. खव्याच्या मिठाईच्या बाबतीत हा नियम फार आधी यायला हवा होता.

या उलटापालटीतच माझ्या मते आजच्या गोंधळाचे मूळ आहे. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे या दिवसापर्यंत चव आणि कुरकुरीतपणा उत्तम. ‘यूज बाय’ म्हणजे यापुढे खाऊ नका. बिस्किट आणि थंड ठेवायचे तयार मांस यांना एकच शब्द लावला, की ग्राहक एक तर दोन्ही फेकतो, नाहीतर दोन्ही खातो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातील ६० टक्के घरांतून. उलट व्हिनेगर, साखर, वाइन यांना आपले नियमच मुदतीतून वगळतात. म्हणजे पदार्थापदार्थांत फरक आहे हे नियमकर्त्यांना ठाऊक आहे. तो पाकिटावर मात्र उतरत नाही.

आता ती तारीख ठरते कशी ते पाहू. सहा महिने टिकणाऱ्या पदार्थाची चाचणी घ्यायला सहा महिने थांबणे कारखान्याला परवडत नाही. म्हणून नमुने चढ्या तापमानाला ठेवून ते किती लवकर बिघडतात हे पाहतात आणि त्यावरून नेहमीच्या तापमानाचा हिशेब मांडतात. या हिशेबाचा पाया १८८९ मध्ये स्वांटे अर्हेनियसने घातला. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले की अनेक रासायनिक क्रियांचा वेग दुप्पट होतो. २५ अंशांवर सहा महिने टिकणारा फरसाणाचा पुडा ३५ अंशांवर तीनच महिन्यांत खवट होऊ शकतो. बंगळुरूचा पठारी उन्हाळा आणि नागपूरचा मे महिना यांत बरेच अंतर असते, तरी दोन्हीकडच्या पुड्यांवर तारीख एकच. ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’ ही बारीक अक्षरांतली ओळ म्हणजे त्या तारखेची अट आहे. पत्र्याखाली तापलेल्या गोदामात किंवा उन्हात उभ्या मालमोटारीत ती मोडली, तर तारीख आपोआप अलीकडे सरकत नाही.

तेव्हा कोरड्या पदार्थांच्या बाबतीत तारीख उलटल्यावर आठवड्याभरात पुडा फेकणे हा बहुधा अपव्ययच. तेथे नाक आणि जीभ पुरेशी आहेत. पण तोच न्याय सर्वत्र लावू नये. लिस्टेरिया हा जिवाणू शीतकपाटाच्या तापमानातही वाढतो आणि वास वा रंग बदलू देत नाही. गर्भवतीला त्याचा धोका विशेष. थंड ठेवायचे तयार मांस, मऊ चीज आणि बाळाची दूधभुकटी यांच्यावरची तारीख काटेकोरपणे पाळावी. फुगलेला डबा तर तारीख न बघताच टाकून द्यावा.

राहिला प्रश्न तारीखच खोटी असण्याचा. मुदत संपलेल्या मालाची शाई पुसून नवी तारीख छापण्याचे प्रकार आपल्याकडे घडतात. डिसेंबर २०२४ मध्ये प्राधिकरणाने उत्पादक, पुनर्वेष्टन करणारे आणि आयातदार यांना नाकारलेल्या व मुदतबाह्य मालाचा हिशेब दर तीन महिन्यांनी देण्यास सांगितले, ते असा माल पुन्हा बाजारात येऊ नये म्हणूनच. किती माल आला, किती विकला, किती नष्ट केला आणि तो कोणी नेला, या नोंदी जुळल्या तरच होसकोट्याच्या गोदामातून निघालेल्या पुड्यावरच्या तारखेला अर्थ राहील. तोवर निदान तारखेशेजारचा बॅच क्रमांक पाहावा. तो खरवडलेला, पुसट किंवा वरून चिकटवलेला दिसला, तर पुडा परत करावा आणि तक्रार नोंदवावी.