हळर्णचे नाव आणि वादळांची नावे

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर तीरावर हळर्ण गावी एक जुना कोट आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उभारला. नदीच्या वाटेने येणाराजाणारावर नजर ठेवावयास ती जागा सोयीची. आज तेथे उभे राहिले असता खाली संथ वाहणारे पाणी, पलीकडे हिरवी शेते आणि माडांच्या रांगा एवढेच दृष्टीस पडते. सह्याद्रीत तिळारी ह्या नावाने निघालेली हीच नदी खाली येता येता शापोरा होते, आणि कोलवाळपाशी तिला कोलवाळची नदी म्हणणारेही पुष्कळ आहेत. पाणी एकच, परंतु ज्या गावाच्या अंगणातून ते जाते त्या गावाने त्याला आपले नाव दिले.

नावांच्या बाबतीत ह्या कोटाची स्वतःची हकीकत याहूनही नवलाची आहे. ५ मे १७४६ रोजी पोर्तुगीजांनी तो भोसल्यांकडून जिंकून घेतला. त्यांचा विसरेई पेद्रु मिगेल द आल्मैद हा होता. त्याने १७४४ ते १७५० पर्यंत गोव्याचा कारभार पाहिला. त्या वेळी तो कास्तेलु नोवुचा मार्केज म्हणवीत असे. ह्या विजयाबद्दल १७४८ साली पोर्तुगालच्या राजाने त्याचा किताब बदलून त्यास ‘आलोर्नचा मार्केज’ केले. पोर्तुगीज भाषेत शब्दारंभीचा ‘ह’ उच्चारला जात नाही, म्हणून हळर्णचे आलोर्न झाले. पुढे त्याची नात लियोनोर द आल्मैद (१७५० ते १८३९) ही पोर्तुगीज साहित्यात मोठी कवयित्री म्हणून गाजली. तिचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात ‘मार्केज द आलोर्न’ ह्या किताबानेच नोंदले आहे. ज्या गावाचे नाव ती आयुष्यभर वागवीत होती, ते गाव तिने कधी पाहिले नाही, आणि गावालाही आपले नाव लिस्बनच्या सरदारवाड्यांतून फिरत आहे ह्याची खबर नव्हती.

ही जुनी हकीकत आम्हांस आठवली ती अगदी वेगळ्या निमित्ताने. १६ मे २०२१ रोजी रविवारी आमच्या किनाऱ्यालगत समुद्रातून एक चक्रीवादळ उत्तरेकडे गेले. गोव्यात दोन माणसे दगावली, झाडे घरांवर कोसळली आणि कित्येक गावे अंधारात बुडाली. त्या वादळाचे नाव वर्तमानपत्रांतून कोठे ‘तौक्ते’, कोठे ‘तोक्ते’, तर कोठे ‘ताउते’ असे छापले जात होते. हा शब्द ब्रह्मी भाषेतला. त्याचा अर्थ एका जातीची, मोठ्याने आवाज करणारी पाल. हळर्णचे नाव कधीकाळी परमुलखात गेले होते. आता परमुलखातल्या पालीचे नाव आमच्या पेडण्याच्या दारी येऊन थडकले. नावे अशी कोण ठेवतो, कशासाठी ठेवतो, आणि ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर उडते त्यांना त्या नावाचा काय उपयोग, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घोळत होता. त्याचा जो मागोवा आम्हांस घेता आला तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, आपल्या लोकांस आभाळाला नावे ठेवण्याची कला अवगत नव्हती असे मुळीच नाही. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, मघांचा सासूचा आणि पूर्वांचा सुनेचा. जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा, समुद्रावरून येतो तो खारा. परंतु ही सारी नावे वर्षानुवर्षे ठरल्या वेळी येणाऱ्या पाहुण्यांची आहेत. वादळ हे असे पाहुणे नव्हे. ते एकदा येते आणि जे न्यायचे ते नेऊन निघून जाते. म्हणून आमच्या लोकांनी वादळाला नाव दिले नाही. जे हरवले त्याचे नाव मात्र जपून ठेवले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘विजळी’. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमांडवीहून मुंबईस निघालेली एक आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडली आणि सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली. दप्तरी तिचे नाव ‘वैतरणा’ असे होते, परंतु तीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला विजळी म्हणत. आज तिची आठवण विजळी ह्याच नावाने राहिली आहे. ज्या वादळाने ती गिळली त्याला नाव नाही. कोकणातही तेच. १९२७ च्या नोव्हेंबरातले वादळ म्हणजे ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ ह्या बोटी बुडाल्या ते. १७ जुलै १९४७ चा तो घातवार म्हणजे ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर बुडाली तो. रामदासाबरोबर सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि कोकणातल्या कितीतरी घरांत त्या एका नावावर सगळे कालमापन थांबले. लोकस्मृतीचा हा न्याय आहे. ती मारणाऱ्याचे नाव लक्षात ठेवीत नाही, गेलेल्याचे ठेवते.

जगात इतरत्र लोकांनी निराळ्या वाटा धरल्या. वेस्ट इंडीज बेटांत ज्या संताच्या सणाच्या दिवशी वादळ येई त्या संताचे नाव त्यास देत. पोर्तो रिको बेटावर १३ सप्टेंबर ह्याच दिवशी १८७६ साली आणि पुन्हा १९२८ साली वादळ आले, तेव्हा त्यांना पहिला आणि दुसरा सान फेलिपे असे म्हणावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांताचा हवामानशास्त्रज्ञ क्लेमेंट रॅग ह्याने वादळांना ग्रीक अक्षरांची आणि पुराणपुरुषांची नावे दिली. ज्या राजकारण्यांशी त्याचे पटत नसे त्यांची नावेही त्याने वादळांना देऊन आपला राग काढला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरावरील अमेरिकन हवामानतज्ज्ञ वादळांना बायकांची नावे देऊ लागले. १९५३ पासून अमेरिकेने तोच रिवाज अधिकृत केला. विनाशाला नेहमी स्त्रीचेच नाव का, असा रास्त सवाल तेथील स्त्रियांनी केला, आणि १९७९ पासून अटलांटिकच्या यादीत पुरुषांचीही नावे आली. जे वादळ फारच प्राणहानी करते त्याचे नाव तेथे यादीतून कायमचे काढून टाकतात. २००५ सालच्या ‘कॅट्रीना’चे तसेच झाले.

ह्या विनाशाला जातिवाचक नाव मिळाले ते मात्र आपल्याच देशात. कलकत्त्यास दर्यावर्दी न्यायसभेचा अध्यक्ष असलेला हेन्री पिडिंग्टन हा बुडालेल्या जहाजांच्या नोंदवह्या तपासता तपासता वादळांच्या फिरण्याचा अभ्यासक झाला. वारा सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे केंद्राभोवती फिरतो हे ध्यानी घेऊन त्याने ग्रीक धातूवरून ‘सायक्लोन’ हा शब्द बनवला आणि १८४८ साली खलाशांकरिता लिहिलेल्या ग्रंथात तो रूढ केला. आपले ‘चक्रीवादळ’ त्याच कल्पनेचे मराठी रूप. परंतु पिडिंग्टनचे मोठेपण एका शब्दापुरते नाही. मातला नदीच्या मुखाशी कॅनिंग नावाचे नवे बंदर बांधण्याचा सरकारचा बेत होता. तेथे समुद्राची लाट चढून सर्व वाहून जाईल, असे पत्र त्याने १८५३ साली गव्हर्नर जनरलला लिहिले. ते कोणी मनावर घेतले नाही. बंदर झाले, पिडिंग्टन १८५८ साली वारला, आणि १८६७ च्या वादळात त्या बंदराची धूळधाण उडाली. ज्याने वादळाला नाव दिले त्यानेच इशाराही दिला होता. नाव जगाने उचलले, इशारा मात्र तसाच राहिला. आमच्या मते ह्या सगळ्या इतिहासाचा गाभा येथे आहे.

कारण नाव ठेवणे हे शोभेचे काम नव्हे. भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. तेव्हापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपल्या समुद्रांतील वादळे बिननावीच होती. अलीकडच्या काळात त्यांना समुद्र आणि अनुक्रमांक ह्यांवरून ओळखीत. तज्ज्ञाला ते पुरते. पण होडीत बसून रेडिओ ऐकणाऱ्या रापणकराच्या कानात आकडा राहत नाही. शिवाय कधी कधी एकाच समुद्रात दोन वादळे असतात. २०१९ साली ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे अरबी समुद्रात एकाच वेळी होती. अशा वेळी कोणाविषयीचा इशारा कोणता, हे नावाखेरीज समजणे कठीण.

ह्यास्तव बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र ह्यांच्या काठच्या देशांनी २००० साली ओमानमधील मस्कत येथे जमून तत्त्वतः ठरविले की, ह्या वादळांना आपण सर्वांनी मिळून नावे द्यावी. २००४ साली अरबी समुद्रात ‘ओनिल’ हे पहिले नाव वापरात आले, ते बांगलादेशाने दिलेले. त्या यादीत आठ देशांची चौसष्ट नावे होती. भारताने अग्नी, आकाश, बिजली, जल, लहर, मेघ, सागर, वायू ही पंचमहाभूतांच्या परिवारातली नावे दिली. ती यादी मे २०२० मध्ये ‘अम्फान’पाशी संपली. त्यापूर्वीच एप्रिल २०२० मध्ये नवी यादी जाहीर झाली होती. तीत तेरा देशांची प्रत्येकी तेरा, म्हणजे एकशे एकोणसत्तर नावे आहेत. देशांचा क्रम इंग्रजी वर्णमालेप्रमाणे असून ज्याची पाळी त्याचे नाव. वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरांवर गेला की दिल्लीतील हवामान खाते ते नाव जाहीर करते. नाव लहान असावे, उच्चारास सोपे असावे, आणि त्यात कोणत्याही धर्माचा, पक्षाचा किंवा जमातीचा उल्लेख नसावा, असे नियम आहेत. एकदा वापरलेले नाव ह्या समुद्रांत पुन्हा येत नाही.

तरीही नाव हे नाजूक प्रकरण आहे. २०१३ साली एका वादळाला श्रीलंकेनेच सुचविलेले ‘महासेन’ हे नाव मिळाले. महासेन हा तर मिन्नेरियाचा विशाल तलाव बांधून शेते ओलिताखाली आणणारा प्राचीन राजा. पाणी साठवणाऱ्याचे नाव पाण्याने घात करणाऱ्याला कसे द्यावे, असे म्हणून तेथील लोक संतापले, आणि वादळाचे नाव बदलून ‘वियारू’ करावे लागले. हळर्णच्या हकीकतीशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. तेथे एका गावाचे नाव जिंकणाऱ्याने मिरवले आणि गावाला कोणी विचारले नाही. येथे लोकांनी ‘आमचे नाव असे वापरू नका’ म्हटले आणि ते ऐकले गेले. दोनशे सत्तर वर्षांत जगाने एवढी मजल मारली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

नव्या यादीतले पहिले नाव बांगलादेशाचे ‘निसर्ग’. ३ जून २०२० रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-सुपारीच्या वाड्या त्याने भुईसपाट केल्या. बंगाली माणसाचा शब्द कोकणी बागाईतदारास भाषांतरावाचून कळला. त्यानंतरचे नाव भारताचे, ‘गती’. ते गेले आफ्रिकेतील सोमालियाच्या किनाऱ्यावर. २०२३ साली भारताचेच ‘तेज’ येमेनवर गेले. आपण हौसेने निवडलेला संस्कृत शब्द तिकडच्या कोळ्याच्या घरी काय अर्थाने उरला असेल, ह्याचा विचार आम्ही क्वचितच करतो. ‘तौक्ते’ म्हणताना आमची जीभ अडखळली तशी ‘तेज’ म्हणताना त्याचीही अडखळली असेल.

मग ह्या नावांचा उपयोग कोणता, ह्या मूळ प्रश्नाकडे वळू. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ नावाचे वादळ कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत चढून अलिबाग आणि मुंबई ह्यांच्यामध्ये जमिनीवर आले. त्याला नाव होते, परंतु नाव मिळाल्यापासून किनाऱ्याला लागेपर्यंत फारसा अवधी नव्हता, आणि खोल समुद्रात गेलेल्या होड्यांपर्यंत ते नाव पोहोचले नाही. कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. किनाऱ्यावरच्या वस्त्यांत ‘फयान’ हा शब्द वादळ गेल्यानंतर शिकला गेला, आणि आज तो त्या वर्षाची खूण होऊन बसला आहे. उलट ‘निसर्ग’ आणि ‘तौक्ते’ ह्यांची नावे वादळाच्या आधी घराघरांत गेली. होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या, किनाऱ्यालगतच्या वस्त्यांतील माणसे हलविली गेली. घरे आणि बागा वाचल्या नाहीत, पण माणसे पुष्कळ वाचली. जे नाव वादळाच्या आधी पोहोचते तो इशारा, आणि जे नंतर पोहोचते तो केवळ शिलालेख.

हळर्णचा कोट जिंकणाऱ्याचा किताब पोर्तुगालच्या सरदारयादीत लिहिला गेला. आज त्याचा उच्चार येथे करावयाचा तर ग्रंथ उघडावा लागतो. १७८८ साली पेडणे महाल पोर्तुगीजांकडे गेला, १९६१ साली त्यांचे राज्यही गेले. गाव मात्र ‘ह’ टाकल्यावाचून हळर्णच राहिले, कारण तेथील माणसे आपल्या गावाला त्याच नावाने हाक मारीत राहिली. नाव टिकते ते तोंडी असेल तरच. दिल्लीहून जाहीर होणाऱ्या नावांचेही तेच आहे. पुढच्या वैशाखात किंवा कार्तिकात कोणत्या देशाच्या पाळीचे नाव आमच्या किनाऱ्यावर येईल ते यादीत आधीच छापलेले आहे. ते शापोऱ्याच्या मुखापासून हळर्णच्या धक्क्यापर्यंत प्रत्येक होडीत वारा उठण्यापूर्वी उच्चारले जाईल की नाही, एवढेच आपल्या हाती आहे.