फाइल बाहेरून बदलली, हे संगणकाला कसे कळते?

एकच फाइल एकाच वेळी दोन आज्ञावलींमध्ये उघडी असू शकते. पहिल्या आज्ञावलीने फाइल उघडताना तिची प्रत संगणकाच्या स्मृतीत घेतलेली असते. दरम्यान दुसरीने डिस्कवरील मूळ फाइल बदलली आणि त्यानंतर पहिलीत ‘सेव्ह’ केले, तर दुसरीतून केलेल्या दुरुस्त्या नकळत पुसल्या जातात. हे टाळण्यासाठी, उघडली होती तीच फाइल डिस्कवर आहे का, हे जतन करण्यापूर्वी तपासावे लागते.

यासाठी सर्वांत सोपी खूण म्हणजे अखेरच्या बदलाची वेळ. प्रत्येक फाइलसोबत ही वेळ व फाइलचा आकार नोंदलेला असतो. उघडताना टिपलेली वेळ जतन करताना जुळली नाही, तर ‘ईमॅक्स’ आणि ‘विम’ हे संपादक वापरकर्त्याला सावध करतात. संपूर्ण फाइल वाचावी लागत नसल्याने ही तपासणी झटपट होते. पण ती निर्णायक नसते. अनेक पेन ड्राइव्हवर आढळणाऱ्या ‘फॅट ३२’ प्रणालीत ही वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते. त्यामुळे लागोपाठ झालेले दोन बदल वेगळे ओळखता येत नाहीत. उलट, एकही अक्षर न बदलता पुन्हा ‘सेव्ह’ केले तरी वेळ बदलते. शिवाय ती मुद्दाम मागेही नेता येते.

खात्री हवी असेल, तर मजकुराचाच गणिती ठसा, म्हणजे ‘हॅश’, काढतात. ‘एसएचए-२५६’ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असली तरी ठसा २५६ बिटांचाच असतो. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पार वेगळा येतो. रोनाल्ड रिव्हेस्ट यांची ‘एमडी-५’ पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र दोन भिन्न मजकुरांचा ठसा एकच येऊ शकतो, हे चिनी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे हेतुपुरस्सर केलेली फेरफार पकडण्यासाठी ती विश्वासार्ह उरली नाही.

व्यवहारात दोन्ही उपाय जोडीने वापरता येतात : आधी वेळ व आकार पाहायचा, शंका आल्यास ठसा ताडून पाहायचा. भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रातही हा ठसा नमूद करावा लागतो. अर्थात, ठसा केवळ बदल झाल्याचे सांगतो; तो कोणी केला, हे नव्हे.