अश्वशक्तीचें माप

एंजिन विकत घेऊं पाहणाऱ्या गृहस्थाचा पहिला प्रश्न असतो, "याची ताकद किती?" विकणारा पाटीकडे बोट दाखवितो, तीवर 'पांच अश्वशक्ति' असें कोरलेलें असतें. धान्याला पायली आहे, सोन्याला कांटा आहे. पण जी डोळ्यांना दिसत नाहीं त्या शक्तीची पारख कशी करावयाची? या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

अश्वशक्ति हें माप व्यवहाराच्या गरजेंतून रूढ झालें. अठराव्या शतकांत इंग्लंडांतील अनेक कारखान्यांत घोडे गोल फिरून यंत्रें चालवीत. जेम्स वॅट व त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यांना घोड्यांच्या जागीं आपलें वाफेचें एंजिन बसवावयाचें होतें, आणि त्याचा मोबदला ताकदीच्या मानानें घ्यावयाचा होता. तेव्हां एक एंजिन किती घोड्यांच्या बरोबरीचें, हें ठरविणें भाग पडलें. वॅटनें असा हिशेब धरला कीं, घोडा १२ फूट त्रिज्येच्या वर्तुळांत तासाला १४४ फेरे घालतो आणि १८० पौंडांच्या जोरानें ओढतो. यावरून मिनिटाचें काम सुमारें ३२,५७२ फूट-पौंड निघतें; तें पूर्णांकानें ३३,००० धरण्यांत आलें. म्हणजे ३३,००० पौंड वजन एका मिनिटांत एक फूट उचलणारी ती एक अश्वशक्ति.

माप ठरलें, पण मोजावयाचें कसें? एंजिनाच्या नळकांड्यांतील वाफेचा दाब मोजतां येत असे. परंतु त्या शक्तीचा कांहीं भाग एंजिनाच्या स्वतःच्या घर्षणांतच खर्च होतो. गिऱ्हाइकाला उपयोग आंसापर्यंत पोंचलेल्या शक्तीचा. ही अडचण फ्रेंच एंजिनीयर गास्पार द प्रोनी (१७५५–१८३९) यानें १८२१ च्या सुमारास दूर केली. त्यानें फिरत्या आंसाला लांकडाच्या दोन ठोकळ्यांत पकडलें, आणि ठोकळ्यांना लांब दांडी जोडली. बोल्ट आवळले कीं घर्षणानें दांडी आंसाबरोबर फिरूं पाहते. तिच्या टोंकाला वजन टांगून ती स्थिर ठेवावयाची. सारी शक्ति घर्षणांत मुद्दाम खर्ची घालावयाची, पण तिचा जमाखर्च चोख ठेवावयाचा, ही त्यांतील युक्ति. अशा शक्तिमापकास डायनॅमोमीटर म्हणतात.

लहान एंजिनासाठीं हें साधन घरीं करतां येतें. एंजिनाच्या चाकावर बसतील असे लांकडी ठोकळे, ते आवळण्यास बोल्ट, एक मजबूत दांडी आणि स्प्रिंगचा कांटा एवढें सामान पुरे. आंसाच्या मध्यापासून कांट्यापर्यंतची लांबी ५ फूट ३ इंच ठेवावी. या त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ जवळजवळ ३३ फूट भरतो, त्यामुळें वॅटच्या ३३,००० शीं हिशेब सहज जुळतो: कांट्यावरील पौंडांस मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणून १,००० नीं भागिलें कीं अश्वशक्ति निघते. कांटा ८ पौंड दाखवीत असेल व फेरे ६०० असतील, तर ताकद ४.८ अश्वशक्ति. मात्र दांडीचें स्वतःचें वजन आधीं वजा केलें पाहिजे.

दोन गोष्टींची खबरदारी अवश्य घ्यावी. ठोकळे एकाएकीं चाकाला धरून बसले तर दांडी गरकन् फिरून माणसाला इजा करील. म्हणून तिच्या वर व खालीं भक्कम अडसर हवे. दुसरें, खर्च झालेली शक्ति नाहींशी होत नाहीं, ती उष्णता बनते. पांच अश्वशक्तीची उष्णता एक गॅलन पाणी मिनिटाला सुमारें २१ अंश फॅरनहाइट तापविते. तेव्हां चाक पाण्यानें थंड न ठेवल्यास लांकूड जळूं लागेल. हजारों अश्वशक्तींच्या जहाजी एंजिनांपुढें तर लांकडाचा टिकावच लागेना. म्हणून विल्यम फ्रूड या इंग्रज एंजिनीयरानें १८७७ सालीं घर्षणाचें काम खुद्द पाण्याकडूनच करून घेणारा ब्रेक पुढें मांडला. तत्त्व मात्र प्रोनीचेंच राहिलें.

विहिरीवर एंजिन बसविण्यासाठीं कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला पाटीवरील आंकडा खरा कीं खोटा यावर वर्षाचें पीक पणाला लावावें लागतें. त्याच्या गांवच्या शाळेंतील मुलांनीं सुताराच्या मदतीनें असा ब्रेक तयार केला, तर त्यांना गुणाकार-भागाकाराचा धडा मिळेल, आणि शेतकऱ्याला पैसे मोजण्यापूर्वीं एंजिन पारखून घेतां येईल.