निम्मे पाय, निम्मी मोटर

आमच्या अब्बांचा धंदा बांगड्यांचा. कोल्हापूरच्या आसपासचे आठवडी बाजार त्यांनी आधी सायकलवर केले, पुढे लुनावर. मागे काचेच्या बांगड्यांचे खोके बांधलेले, पुढे मी उभा. पन्हाळ्याचा घाट लागला की इंजिन चालू असतानाच अब्बा पायडल मारू लागत. शेजारून जाणाऱ्या एस.टी.तून लोक बघत आणि मला लाज वाटे. एकदा मी विचारलेच, "पेट्रोल भरलंय, मग पाय कशाला मारायचे?" घरच्या दखनीत ते म्हणाले, "इसको भी दम लगता, बेटा."

हे आठवायचे कारण माझी इलेक्ट्रिक सायकल. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा डॉक्टरांनी पाय हलते ठेवायला सांगितले, म्हणून घेतली. पण पहिल्या आठवड्यात मी नुसती मूठ पिळत हिंडलो. एके दिवशी चढावरच बॅटरी संपली. ते जड धूड ढकलत घरी आलो आणि मग या वाहनाचा इतिहास वाचायला बसलो.

इतिहास जुना आहे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना 1895 साली विजेच्या सायकलचे पेटंट मिळाले. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यातच होती. आजच्या कितीतरी सायकलींत ती तिथेच असते. पण तेव्हाच्या बॅटऱ्या जड आणि अशक्त. त्यामुळे पुढचे शतक पेट्रोलचे ठरले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 साली फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स विक्रीला आली. पुढच्या चाकावर छोटे इंजिन, त्याचा रूळ टायरला घासून चाक फिरवायचा. चढावर पायांची मदत लागायचीच. आपल्याकडे 1972 मध्ये कायनेटिकने लुना आणली. 50 सीसीचे इंजिन आणि दोन पायडल. शिक्षक, दूधवाले, फेरीवाले, सगळ्यांना परवडणारी.

या गाड्यांत पाय हे इंजिनाचे मदतनीस होते. 1993 मध्ये जपानच्या यामाहा कंपनीने हे नाते उलटे केले. त्यांच्या 'पास' नावाच्या सायकलला पिळायची मूठच नव्हती. पायडलवर किती जोर पडतो हे एक सेन्सर मोजायचा आणि मोटर त्या प्रमाणात जोर लावायची. तुम्ही थांबलात की तीही थांबणार. जपानच्या नियमाने प्रमाणही ठरवून दिले होते. ताशी 15 किलोमीटरपर्यंत माणसाचा एक भाग, तर मोटरचा जास्तीत जास्त एक भाग. त्यापुढे मदत कमी होत होत 24 ला बंद. या अटी पाळल्या म्हणून तिथे ती सायकलच मानली गेली, परवान्याची गरज पडली नाही. पुढे 2008 मध्ये कमी वेगाला मोटरचे दोन भाग चालतील अशी सूट मिळाली. चढावर मुलांना घेऊन जाणाऱ्या आयांना आणि म्हाताऱ्या माणसांना तिचा मोठा आधार झाला.

आता तुम्ही म्हणाल, मोटर असताना पाय का मारायचे? मोटरचा स्वभाव पाहा. ती वेगात फिरत असते तेव्हा विजेचे चांगले चीज करते. उभ्या जागेवरून निघताना किंवा चढावर रखडताना मात्र तीच मोटर भरमसाट वीज ओढते आणि त्यातली बरीच नुसती उष्णता होऊन जाते. आपल्या पायांचे उलट. सुरुवातीचा रेटा ते उत्तम देतात. म्हणून निघताना दोन-चार फेरे पायांनी मारावेत, मग मोटरला बोलवावे. चढ येण्याआधीच हलका गिअर टाकावा आणि पाय एका लयीत फिरते ठेवावेत. सपाटीवर मदत कमी करावी, उतारावर बंद.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. वेग दुप्पट केला तर वारा कापायला आठपट शक्ती लागते. म्हणून पंचविसाऐवजी अठरा-वीसच्या वेगाने गेले, तर पाच-दहा मिनिटे उशीर होतो, पण बॅटरी बरीच शिल्लक राहते.

माझ्या सायकलचा हिशोब सांगतो. बॅटरी 36 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची, म्हणजे 360 वॉट-तास. नुसत्या मोटरवर किलोमीटरला पंधराएक वॉट-तास जातात. चोवीस किलोमीटर झाले की खेळ खलास. निम्मा भार पायांनी उचलला की हेच अंतर दुपटीच्या जवळ जाते. धडधाकट माणूस शंभरेक वॉट तासभर सहज देऊ शकतो, माझे पायही आता त्याच्या आसपास पोहोचले आहेत.

अब्बा पेट्रोल वाचवतात, एवढेच मी तेव्हा समजत होतो. पण त्या इंजिनावर घरातल्या सहा माणसांचे पोट होते. ते घाटात तापून बंद पडले असते, तर बाजार बुडाला असता. यामाहाने सेन्सर लावून जे साधले, ते अब्बा इंजिनाच्या आवाजावरून ओळखत. आवाज जडावला की पाय सुरू, मोकळा झाला की बंद.

परवा चढावर मोटारसायकलवरची दोन पोरे माझ्याजवळ थांबली. "चाचा, चार्जिंग संपलं काय?"

म्हटले, "नाही रे बाबा. संपू नये म्हणूनच पाय मारतोय."