ज्ञानेश्वरी ‘डी’त शोधायची की ‘जे’त? : शालेय ग्रंथालयातला संगणक

मागच्या व्याख्यानात आपण दाखल नोंदवही आणि तालिकापत्रांच्या लाकडी कपाटापर्यंत आलो होतो. आज त्या कपाटाशेजारी संगणक येतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठलंही उपनगर घ्या. शाळेत संगणक आला तो बहुधा आधी कार्यालयात, मग प्रयोगशाळेत. ग्रंथपालाचा नंबर शेवटी.

सॉफ्टवेअर मात्र तयार होतं. युनेस्कोने १९८५ साली ‘सीडीएस-आयसिस’ची छोट्या संगणकावर चालणारी आवृत्ती काढली आणि भारतात ती ‘निसॅट’ या सरकारी यंत्रणेमार्फत मिळू लागली. पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, त्यात मुंबई पहिल्या फळीत होती. पण जोडणी टेलिफोनच्या तारेवरून. मोडेम चालू असेपर्यंत फोन एंगेज! एकच फोन असलेल्या शाळेत हे किती वेळ चालू देणार?

खरी अडचण वेगळीच होती, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. पुस्तकं मराठी, कळफलक रोमन. ‘जिस्ट’ कार्ड बसवलं तर डॉसवर देवनागरी उमटे, पण ते वेगळं विकत घ्यावं लागे. मग रोमन लिपीत नोंदी. आता ‘ज्ञानेश्वरी’ कशी लिहायची? आपल्या उच्चाराप्रमाणे ‘डी’पासून, संस्कृत पंडितांच्या पद्धतीने ‘जे’पासून. ‘मृत्युंजय’ला ‘म्रु’ की ‘म्रि’? नोंद करणाऱ्या बाईंनी एक ठरवलं, शोधणाऱ्या मुलाने दुसरं. पुस्तक कपाटात, पण संगणक म्हणतो, नाही. लाकडी कपाटात असं होत नव्हतं, कारण कार्डावर हाताने मराठीच लिहिलेलं असे.

विंडोजवर फाँट आले तेव्हा सुटलो असं वाटलं. अक्षरं छान दिसत, आत मात्र रोमन कळांचेच संकेत साठत. फाँट बदलला की यादीचा चिखल. आयसिसमधल्या नोंदी आयएसओ २७०९ या ठरीव साच्यात बाहेर काढता येत, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांची यादी नव्या प्रणालीत सहज जाई. फाँटमधली मराठी यादी जाई तीही, पण वाचता येत नसे. म्हणजे पुन्हा टंकलेखन, आणि तेवढी माणसं कुठल्या शाळेत असतात?

युनिकोडने हा गुंता बराचसा सोडवला. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयात २००० साली सुरू झालेली ‘कोहा’ ही मोफत प्रणाली आज देवनागरीत नोंदी घेते. तरी एक गंमत उरतेच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ आपण शेवटी म्हणतो, तक्त्याप्रमाणे ते ‘क’ आणि ‘ज’च्या पोटात जातात. मराठीचा क्रम प्रणालीत मुद्दाम लावून घ्यावा लागतो. तो लावलेला नसेल, तर ज्ञानेश्वरी अजूनही ‘ज’मध्येच शोधावी लागते.