वंगणाचा प्रवास : वेदगंगेच्या खोऱ्यातील कण्यापासून संश्लेषित तेलापर्यंत

कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी, निपाणी–राधानगरी मार्गावर वसलेल्या मुरगूडचा आणि त्याच्या पंचक्रोशीचा व्यवहार ऊस, गूळ आणि त्यांची वाहतूक यांभोवती उभा राहिला असल्याने, येथे वंगणाची गरज मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. एकमेकांवर घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर धरून घर्षण आणि झीज कमी करणारा पदार्थ म्हणजे वंगण. उन्हाने ते पातळ होते आणि थंडीने घट्ट होते, ही त्याची मूळ अडचण असून बैलगाडीच्या एरंडेलापासून आजच्या संश्लेषित इंजिन तेलापर्यंतचा सारा इतिहास या अडचणीवर मात करण्याचा इतिहास आहे.

बैलगाडीचा तुंबा, म्हणजे चाकाचा मधला लाकडी गड्डा, लोखंडी कण्याभोवती फिरत असे आणि त्या सांध्यात एरंडेलात भिजवलेला ताग किंवा चिंध्या भरल्या जात. वनस्पतिजन्य तेलांमध्ये एरंडेल विशेष दाट असल्यामुळे ते कण्याला धरून राही, आणि पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांतही ते वापरले गेले. ‘कॅस्ट्रॉल’ हे नावही ‘कॅस्टर’ या एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आले. मात्र इंजिनाच्या उष्णतेत हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन एरंडेलाचा डिंकासारखा चिकट थर बनतो, त्यामुळे दीर्घकाळ चालणाऱ्या इंजिनांसाठी खनिज तेलाकडे वळणे भाग पडले.

पश्चिम महाराष्ट्रात हे वळण डिझेल इंजिनाने आणले. साताऱ्याचा कूपर कारखाना, 1946 मध्ये पुण्यात स्थापन झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील ओतशाळा व कार्यशाळा यांमुळे नदीचे पाणी उपसणारे आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवणारे इंजिन खेडोपाडी पोचले. त्यासोबत तेलाच्या डब्यावरील क्रमांकाचीही ओळख झाली. हा क्रमांक श्यानता, म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, दाखवतो आणि त्याचे वर्गीकरण अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने 1911 पासून सुरू केले. जुने तेल एकाच क्रमांकाचे असल्याने हवामानाप्रमाणे कमीअधिक दाट तेल निवडावे लागे. तापमानाबरोबर तेलाची श्यानता किती बदलते, हे मोजणारा श्यानता निर्देशांक 1929 मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी मांडला. तो जितका जास्त, तितके तेल ऊन-थंडीत स्थिर राहते.

खनिज तेलात लहानमोठे, निरनिराळ्या रचनेचे रेणू मिसळलेले असतात; त्यांतील मेणासारखा अंश थंडीत गोठतो, तर हलका अंश उष्णतेत उडून जातो. संश्लेषित तेलात मात्र लहान रेणू जोडून हव्या त्या रचनेचे, जवळजवळ एकसारखे रेणू घडवले जातात. अशा हायड्रोकार्बनांच्या निर्मितीचा मार्ग 1877 मध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांच्या संशोधनाने दाखवला असला, तरी त्याची निकड युद्धाने पटवली. 1941 च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वाटेवर जर्मन रणगाड्यांतील तेल इतके घट्ट झाले की इंजिने सुरू करण्यासाठी त्यांच्याखाली जाळ करावा लागला. पुढे एस्टर या वर्गातील संश्लेषित वंगणे जेट विमानांत रुळली, आणि 1970 च्या दशकात ॲम्सॉइल व मोबिल 1 यांच्यामुळे असे तेल सामान्य मोटारमालकाच्या आवाक्यात आले.

आजच्या डब्यावरील ‘5डब्ल्यू-40’ या खुणेतील पहिला भाग थंडीचा असतो, कारण ‘डब्ल्यू’ हे हिवाळ्याचे आद्याक्षर आहे. ‘5डब्ल्यू’ तेल उणे 30 अंश सेल्सिअसला, तर ‘0डब्ल्यू’ उणे 35 अंशांलाही इंजिन फिरू देण्याइतके प्रवाही राहावे लागते; दुसरा आकडा 100 अंशांवरील श्यानतेचा वर्ग सांगतो. बेळगावात केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीतील आणि इतर पलटणींतील या भागाचे जवान ज्या लडाखात सेवा करतात, तेथे या पहिल्या आकड्याला खरा अर्थ आहे, कारण तेथील हिवाळ्यात साधे डिझेलही गोठते आणि म्हणूनच इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल तेथे आणले.

मुरगुडात थंडीची ही कसोटी लागत नाही. येथे हिवाळ्यात पारा सहसा दहा अंशांच्या आसपास थांबतो आणि उन्हाळ्यात चाळिशीला टेकतो. शिवाय चालू इंजिनातील तेल एरवीही 100 अंशांच्या जवळपास तापलेले असल्याने बाहेरचे दहा-पंधरा अंश जास्त झाल्याने जेवढा फरक पडतो, त्याहून अधिक फरक ओझ्याने पडतो. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये तासन् तास चालतो, आणि तेथे लवकर न जळणे, कमी उडून जाणे व गाळ कमी धरणे हे संश्लेषित तेलाचे गुण उपयोगी पडतात. तथापि जुन्या ट्रॅक्टरला पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमांकाचे खनिज तेल वेळेवर बदलले तरी पुरते. उलट महागडे तेल घालून ते बदलायचे विसरले, तर खर्च वाया जातो आणि इंजिनही झिजते. काढलेले काळे तेल ओढ्यात सोडले, तर ज्या वेदगंगेवर येथील ऊस वाढतो तीच दूषित होते, म्हणून ते साठवून पुनर्शुद्धीकरणासाठी देणे हाही वंगणाच्या जाणतेपणाचाच भाग आहे. ऋतू आणि ओझे पाहून कण्यात एरंडेल भरणाऱ्या गाडीवानाने हा जाणतेपणा जपला होता. आजच्या चालकाने डब्याच्या किमतीआधी त्यावरचा क्रमांक वाचला, तर तोच वारसा पुढे चालेल.