दिंडीची जुनी गाडी



वारकरी मायबाप हो, दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हे पुस्तक निघतंय. विणेकऱ्यांवर, टाळकऱ्यांवर, अन्नदात्यांवर इतरांनी लिहिलं आहे. आमच्याकडं गाडीचा इतिहास आला. आम्ही चौथी शिकलेलो. कीर्तनाला उभं राहिलो तर दोन तास बोलू, पण कागदावर हात अडतो. तरी हे लिहिणं आमच्याच वाट्याचं होतं. का, ते शेवटी कळेल.

आपली दिंडी नाथांच्या पालखीमागं पैठणहून निघते. गोदावरी ओलांडून लाडजळगाव, मग रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा, करकंब आणि पंढरी. आज आपण ही वाट एका दमात चालतो. जुन्या माणसांना मात्र ती पाच वेळा सरहद्द ओलांडून चालावी लागे. पैठण निजामाचं, शेवगाव इंग्रजांचं, बीड-पाटोदा पुन्हा निजामाचं, खर्डा इंग्रजांचा, परांडा परत निजामाचा आणि पंढरपूर इंग्रजांचं. आमचा आजा सांगायचा, कमरेच्या कशात दोन गाठी असायच्या. एकीत हाली शिक्का, दुसरीत कलदार. नाक्यावर करोडगिरीचे लोक गाडीतली पोती उपसून बघायचे. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला आणि पुढं ही उपसाउपस संपली.

तेव्हा सामानाला दोन बैलगाड्या होत्या. एकीत शिधा आणि तांब्याची मोठी हंडी, दुसरीत पडशा, घोंगड्या आणि राहुट्यांचे बांबू. बैल दरसाल वेगवेगळ्या घरचे. ज्याच्या बैलांचा नंबर लागे तो आठ दिवस आधीपासून त्यांना पेंड चारायचा. म्हातारीकोतारी माणसंसुद्धा गाडीत बसायची नाहीत. बैलावर ओझं नको म्हणून उताराला जूवर खांदा द्यायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आम्ही तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. शाळा सुटलेली, खडी फोडायच्या कामावर जात होतो. खायला लाल मिलो आणि सुकडी. कडबा सोन्याच्या भावानं मिळेना. गावातले निम्मे बैल बाजारात गेले, काही दावणीला मेले. १९७३ च्या आषाढीला गाडीला जुंपायला एक जोडी उरली नव्हती. वारी चुकवायची का, असा सवाल आला. बायकांनी शिधा वाटून डोक्यावर घेतला आणि हंडी दोन-दोन गड्यांनी काठीला अडकवून पंढरीपर्यंत नेली. आम्हीही त्या काठीला खांदा दिला. तो वण पुढं किती दिवस राहिला होता.

दुष्काळ सरला तोवर दुसरं संकट दारात. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हातून १८ ऑक्टोबर १९६५ ला झाली होती, आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. नाथसागर भरला. शंभरावर गावं पाण्याखाली गेली, त्यात आपलं जुनं गावठाण गेलं. निम्मी घरं इकडं, निम्मी तिकडं. देऊळ गेलं, पार गेला, गावकी फुटली. राहिली ती फक्त दिंडी. वर्षातून एकदा सगळे एका विण्यामागं उभे राहायचे, तेवढंच आपलं गाव. त्या बैठकीत ठरलं की मोबदल्यातून जमेल तसं द्यायचं आणि दिंडीला गाडी घ्यायची.

गाडी मिळाली एका सरकारी खात्याच्या लिलावात. महिंद्राची एफसी-१५०. तरुण पोरांनी ही गाडी पाहिली नसेल म्हणून सांगतो. मूळ विलीस जीपवाल्या अमेरिकन कंपनीची रचना, आपल्याकडं महिंद्रानं १९६५ पासून काढली. पुढं बॉनेट नाही, चपटं तोंड, ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि मागं उघडा हौदा. इंजिन केबिनमध्ये, दोन सीटच्या मधोमध झाकणाखाली. आषाढातसुद्धा मांड्या भाजायच्या. चारही चाकांना जोर, त्यामुळं चिखलात बैलापेक्षा बरी. स्वस्त मिळाली त्याचंही कारण आहे. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेल आखडलं, जगभर भाव चौपट झाले, आणि पेट्रोलच्या जुन्या गाड्यांना कोणी विचारीना.

पण लिलावात स्वस्त पडली ती गाडी पेट्रोल प्यायला लागली. चार वाऱ्यांत वर्गणी सगळी टाकीत गेली. मग आपल्या भागात शेतकरी करायचे तेच आम्ही केलं. पेट्रोलचं इंजिन उतरवलं आणि मोडीत निघालेल्या इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टरचं पस्तीस हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं. खर्च उतरला. इंजिन जड होतं, पुढचे पाटे बसले, म्हणून पाट्यात एक पान वाढवलं. वजन वाढलं तर ब्रेकवरही जोर वाढणार, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. ड्रायव्हर आम्हीच होतो.

आता ते सांगतो, जे दिंडीच्या वहीत नाही. वहीत त्या सालापुढं एवढंच लिहिलंय, "गाडी घाटात नादुरुस्त, सामान दुसऱ्या वाहनाने." वही तेव्हा आमच्याच हातात होती.

निघायच्या आदल्या रात्री ब्रेकच्या डबीत ऑईल कमी दिसलं. गावात ब्रेक ऑईल मिळेना. पैठणला जायचा कंटाळा केला आणि इंजिन ऑईल ओतलं. ऑईल ते ऑईल, असं वाटलं. मायबाप हो, तसं नसतं. ब्रेकच्या आत रबराच्या वाट्या असतात. त्यांना त्यांचंच ऑईल चालतं. इंजिनचं ऑईल लागलं की त्या भिजत घातलेल्या हरभऱ्यासारख्या फुगतात. दोन मुक्काम चाकं गरम येत होती, आम्ही चढाला बोल लावला. पाटोद्याच्या अलीकडं बालाघाटाच्या उताराला पाय मारला तर पेडल तळाला गेलं. जुन्या गाडीत चारी चाकांना एकच नळी. एक वाटी उलटली की चारी चाकं मोकळी. हँडब्रेक ओढला, तर त्याच्या लायनरवर गिअरबॉक्सचं तेल गळून तो गुळगुळीत झालेला. हौद्यात पाच म्हाताऱ्या बसवलेल्या. बसवायला नको होत्या, पण पावसात पाय सोलले म्हणून आम्हीच बसवल्या होत्या.

गाडी दरीकडून वळवून डोंगराच्या अंगाला घातली. बांधावर आदळून थांबली. जीव सगळे वाचले. पण हंडी सरकली आणि आमच्या चुलतीच्या गुडघ्यावर आली. पाय कायमचा आखडला. ती पुन्हा पायी वारीला आली नाही. दरसाल दिंडी निघताना वेशीपर्यंत काठी टेकत यायची, आम्हाला गुळाचा खडा द्यायची आणि म्हणायची, "लेका, तुझा काय दोष? गाडीच जुनी." आम्ही मान खाली घालायचो. दोष कोणाचा, ते आम्हाला ठाऊक होतं. तिला आम्ही ते तिच्या हयातीत सांगितलं नाही.

ब्रेक उघडणाऱ्या मिस्त्रीनं फुगलेली वाटी आमच्या हातावर ठेवली होती. काही बोलला नाही. ती वाटी आम्ही टाळांच्या पिशवीत ठेवली. तेव्हापासून दिंडीत नियम झाला, सामानाच्या गाडीत माणूस बसणार नाही. गाडी पुढं बरीच वर्षं सामान घेऊन चालली. मग भाड्याचे टेम्पो आले आणि गाडी आमच्या गोठ्यामागं उभी राहिली. उंदरांनी वायरी खाल्ल्या, हौद्यात बाभूळ उगवली.

शताब्दीच्या बैठकीत भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला. तो पैसा मंडपाला धरला होता. आम्ही म्हटलं, दोन हिवाळे द्या. बैठकीनं दिले.

पुतण्याचा मुलगा आयटीआय शिकलेला, एक म्हातारा मिस्त्री आणि आम्ही, असे तिघं लागलो. लिंबाच्या फांदीला चेन पुली बांधून इंजिन उतरवलं. पिस्टन गंजून धरले होते, त्यात डिझेल ओतून पंधरा दिवस ठेवलं, मग हलक्या हातानं सोडवले. व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. हेड आणि चारी ब्रेक ड्रम चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून साफ करून आणले. लायनर नवे, नळ्या नव्या. वाट्यांसाठी संभाजीनगरातली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली, शेवटी मापाला जुळणाऱ्या मिळाल्या. हौद्याचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला, रेड ऑक्साईड मारून वर रंग दिला. पोरगं म्हणालं, "आबा, मूळ पेट्रोल इंजिन शोधू. जुन्या गाड्यांचे शौकीन मूळ मालालाच किंमत देतात." मिस्त्रीचंही तेच मत पडलं.

आम्ही दोन रात्री विचार केला. नाथांचीच आठवण झाली. ज्ञानेश्वरीत काळाच्या ओघात लोकांनी आपापले शब्द घुसडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ती शुद्ध केली आणि पुढं कोणी त्यात भर घालू नये असं बजावलं. दुरुस्ती म्हणजे काय, हे नाथांनी पैठणात शिकवलेलं आहे. मग गाडीतलं डिझेल इंजिन हा घुसडलेला शब्द का? आम्हाला तसं वाटेना. ज्ञानेश्वरी माउलींची. गाडी कंपनीनं केली खरी, पण दिंडीची झाली ती आपल्या घामाच्या वर्गणीनं, त्या ट्रॅक्टरच्या इंजिनासकट. ते काढलं तर आपलीच वर्षं काढल्यासारखं होईल. ते इंजिन ठेवलं. वाढवलेलं पानही ठेवलं. खोटा शब्द गाडीत नव्हता, वहीत होता.

म्हणून आज हा लेख. त्या सालाची नोंद अशी वाचावी : गाडी नादुरुस्त नव्हती, चालवणाऱ्यानं आळस केला. एका माउलीचा पाय गेला. नोंद करणारा आणि चालवणारा एकच होता.

गाडीचे कागद संपलेत, म्हणून ती रस्त्यावर काढायची नाही. शताब्दी सप्ताहात नव्या देवळाच्या पटांगणात उभी राहील, हौद्यात तीच हंडी. दर एकादशीला इंजिन थोडा वेळ सुरू करू, म्हणजे पुन्हा धरणार नाही. स्टेअरिंगशेजारी ती फुगलेली वाटी दोऱ्यानं बांधली आहे. लेकरं विचारतील, त्यांना सांगा.

आणि टेम्पोवाल्या दिंडीकऱ्यांना हात जोडून विनंती. निघायच्या आठ दिवस आधी चाकं खोला. ब्रेकच्या डबीत ब्रेकचंच ऑईल घाला, आणि दोन वर्षांनी ते बदला, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. चाक गरम आलं तर थांबा. सामानावर माणूस बसवू नका, पाय सोललेला असला तरी. त्याला एसटीत बसवा, मुक्कामी गाठा. काशीहून रामेश्वराला निघालेलं गंगेचं पाणी नाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलं. ओझं वाहणाऱ्या मुक्या जिवाची काळजी हीसुद्धा वारीच. गाडी तर त्याहून मुकी. ती सांगते, पण चाक गरम करून सांगते. ते ऐकायला वाकावं लागतं.

चुलती आता नाही. यंदा निघताना वेशीवर गुळाचा खडा ठेवू आणि जे तेव्हा बोललो नाही ते बोलू.

राम कृष्ण हरी.